तंबोऱ्याच्या भोपळ्याची चीर पुन्हा पुन्हा का उघडते?

घरातला जुना तंबोरा, भोपळ्याला चीर. ती चिकटवली, वरून पॉलिश मारलं, तारा चढवल्या. चार-सहा महिन्यांत तीच चीर त्याच रेषेत परत उघडते, कधी बोटभर जास्त लांब होऊन. मग आणखी कडक गोंद, आणखी जाड भरणी, आणि पुढच्या उन्हाळ्यात शेजारी दुसरी चीर.

हे चक्र बहुतेक वेळा एकाच कारणाने चालू राहतं. दुरुस्ती भोपळ्याची होते आणि ढिला असतो दुसराच जोड. तो जोड जो भार पेलत नाही तो भोपळ्याच्या सालीवर येतो. साल चिकटवून भार कमी होत नाही.

भार किती, ते आधी लक्षात घ्या. अटीपासून (खुंट्यांजवळची तारा टेकण्याची पट्टी) घोडीपर्यंत (भोपळ्याकडची तारांची बैठक) साधारण एक मीटर मोकळी तार असलेला, काळी एकला (पेटीची पहिली काळी पट्टी) लावलेला पुरुषी तंबोरा धरा. जोडीच्या, म्हणजे मधल्या षड्जाच्या, दोन पोलादी तारा (0.345 मिमी) प्रत्येकी पावणेसहा किलोच्या आसपास ओढतात. पंचमाची पोलादी तार (0.376 मिमी) पावणेचार किलो, खर्जाची पितळी तार (0.56 मिमी) चार किलो. म्हणजे एकूण वीस किलोच्या आसपास, रात्रंदिवस. त्याच तारा काळी दोनला चढवल्या तर ताण सव्वापट होतो. गाणाऱ्याची पट्टी बदलली म्हणून आजोबांचा काळी एकचा तंबोरा तारा न बदलता वर चढवला, एवढ्यानेही जुनी चीर उघडू शकते.

या ताणाने दांडी पुढच्या अंगाला, तारांच्या बाजूला वाकू पाहते. तिला मागे धरून ठेवतो तो गुळू, म्हणजे दांडी आणि भोपळा यांच्यामधला लाकडी गळा. भोपळ्याच्या तोंडावर बसलेली तबली त्याला आकारात ठेवते. गुळूचा सांधा हलला किंवा तबलीची कड सुटली की भोपळा बंद डब्यासारखा राहत नाही, उघड्या वाडग्यासारखा आकार बदलू पाहतो. आणि वाळलेला भोपळा लवत नाही, तडकतो.

चीर कुठून निघाली आहे?

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी यावर वेळ घालवा.

चीर भोपळ्याच्या खांद्यावर, गुळूजवळ सुरू होऊन खाली येत असेल तर गुळूचा सांधा हलतो आहे. लावलेली नक्षीची पानं या चिरेचं तोंड झाकून टाकतात, म्हणून पानांच्या टोकाखाली बारकाईने पाहा. जुन्या तंबोऱ्यांत सगळ्यात जास्त वेळा परत उघडणारी चीर हीच.

चीर तळातून, तारा अडकवायच्या लंगोटापासून वर चढत असेल तर लंगोटाचे खिळे किंवा स्क्रू थेट भोपळ्याच्या भिंतीत बसवलेले असतात आणि आतून आधाराचा लाकडी ठोकळा नसतो, किंवा असलेला सुटलेला असतो.

पोटावर चांदणीसारखी किंवा आडवी चीर असेल तर तो मार आहे, पडल्याचा किंवा प्रवासातला. नीट साफ करून सांधली तर अशी चीर सहसा परत येत नाही. आलीच तर आत जुना गोंद राहिला आहे असं समजा.

आणि काही रेषा चिरा नसतातच, फक्त चपड्याचं (लाखेचं) जुनं पॉलिश तडकलेलं असतं. नखाने आडवं फिरवल्यावर दोन्ही कडा एका पातळीत लागल्या आणि बोटाने दाबल्यावर काहीच हललं नाही तर तिला हात लावू नका.

तारा उतरवण्याआधीच्या चाचण्या

तारा पूर्ण स्वरात असताना दांडीच्या मध्यावर जोडीची तार आणि दांडीची पटली (तारांखालची सपाट फळी) यांतलं अंतर मोजून लिहून ठेवा. मग बाकीच्या तारा ढिल्या करा आणि जोडीची एकच तार जेमतेम सरळ राहील इतकी ठेवा. दुसऱ्या दिवशी परत मोजा. एक-दीड मिलिमीटरचा फरक हा लाकडाचा स्वतःचा लवचीकपणा आहे. तीन मिलिमीटर किंवा जास्त असेल तर सांधा हलतो आहे, दांडी नाही.

तारा ताणलेल्या असतानाच, म्हणजे वरच्या चाचणीसाठी त्या ढिल्या करण्याआधी, गुळूच्या मागच्या बाजूला, जिथे तो भोपळ्याला मिळतो तिथे, पोस्टकार्डाची कड सरकवून पाहा. दांडी पुढे ओढली जात असल्याने फट मागे पडते. समोरून सगळं घट्ट दिसतं, म्हणून ही फट हमखास नजरेतून सुटते.

तिसरी चाचणी कानाची. बोटाच्या पेराने तबलीच्या कडेकडेने टिचक्या मारत जा. चिकटलेल्या जागी भरीव ठक्क येतो, सुटलेल्या जागी पोकळ, किंचित खरखरीत. ती जागा पेन्सिलीने कागदावरच्या आराखड्यात नोंदवा. वाद्यावर चिकटपट्टी लावू नका, ती काढताना जुनं पॉलिश सोबत येतं.

याशिवाय एक खूण गाणाऱ्याच्या लक्षात आधीच आलेली असते. जवारी (घोडीच्या माथ्यावर तारेला मिळणारी झणकार) उत्तम लावून घेतली आणि आठवड्यात मिटली, परत लावली, परत मिटली. घोडीचा माथा इतक्या लवकर झिजत नाही. घोडीवरून तार ज्या कोनात जाते तो कोन बदलतो आहे, म्हणजे दांडी सरकते आहे. अशा तंबोऱ्याच्या घोडीवर दर महिन्याला कानस चालवणं म्हणजे चांगली घोडी फुकट झिजवणं. ही घोडी जर सांबरशिंगाची असेल तर तिला आणखी जपा. सांबरशिंगाचा व्यापार वन्यजीव संरक्षण कायद्याखाली बंद आहे, तशी दुसरी मिळणार नाही.

उघडताना

अटी ते घोडी अंतर, घोडीची जागा, तारांची जाडी, सगळ्याचे फोटो आणि मापं आधी घ्या. घोडी सहसा चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावर उभी असते, त्यामुळे तारा सुटल्या की तिची जागा हरवते. तारा एका दमात सोडू नका. आळीपाळीने, दोन दिवसांत उतरवा.

तबली काढायची तर आधीच सुटलेल्या जागेपासून सुरुवात करा. पातळ, बोथट, लवचीक सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून फटीत सरकवा. जुना सरस (जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला गोंद) असेल तर स्पिरिटचे दोन-चार थेंब फटीत सोडले की तो ठिसूळ होऊन कटकन सुटतो. पण तेच स्पिरिट चपड्याचं पॉलिश विरघळवतं, तेव्हा थेंब सुईने सोडा आणि ओघळ लगेच टिपा. पूर्ण तबली सुटायला दोन-तीन तास लागणं ठीक आहे. घाई केली तर तबलीची कड चिरफाळते.

कडेची पांढरी पट्टी आणि नक्षी हस्तिदंतासारखी दिसली तरी जुन्या वाद्यांत ती बहुधा सेल्युलॉइडची असते. सेल्युलॉइड भडकन पेट घेतं. जवळ दिवा, तापवलेली सुरी, गरम हवेची बंदूक आणू नका. अॅसिटोनने ते विरघळतं. या पट्टीपाशी फक्त कोमट पाणी आणि संयम.

तबली निघाली की तिच्या पाठीवर आणि भोपळ्याच्या आत पाहा. कारागिराचं नाव, तारीख, कागदी लेबल असेल तर फोटो काढा आणि त्या जागेला पाणी लागू देऊ नका. मिरजेच्या तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या वाद्याची ओळख सांगणारा पुरावा तो आतला कागदच असतो.

आता खोलीत अंधार करा आणि भोपळ्याच्या आत छोटा एलईडी दिवा ठेवा. आरपार गेलेल्या चिरा बाहेरून उजेडाच्या रेषा होऊन दिसतात. बाहेरून चार बोटं वाटलेली चीर वीतभर निघणं नेहमीचं आहे. शेवटचं टोक पेन्सिलीने टिंब देऊन ठेवा.

घुणाची पूड दिसली तर काम थांबवा. भोपळा काळ्या कागदावर पंधरा दिवस ठेवा. नवी पूड पडली तर कीड जिवंत आहे, आधी तिचा जाणकाराकडून बंदोबस्त. रॉकेल किंवा टर्पेंटाइन ओतू नका, त्या तेलकट जागी नंतर कोणताच गोंद धरत नाही.

जुना गोंद काढणं

दुरुस्ती टिकते की नाही ते इथे ठरतं, आणि नेमकं हेच काम सगळ्यात कंटाळवाणं असल्याने उरकलं जातं. नवा गोंद जुन्या गोंदाला चिकटला तर सांधा जुन्या गोंदाइतकाच पक्का.

सरस कोमट पाण्याने फुगून निघतो. फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद कोमट व्हिनेगरने मऊ करून लाकडी काडीने खरवडावा लागतो. हा गोंद टेबल-खुर्चीला उत्तम, पण सततच्या ताणाखाली तो कणाकणाने सरकत राहतो. वीस किलो ओढ कायम असलेल्या वाद्यात तेच नको असतं. वर त्याचा थर राहिला तर त्यावर सरस धरत नाही. झटपट चिकटणारा पातळ गोंद काचेसारखा कडक होतो आणि ऋतू बदलला की भोपळ्याची साल त्याच्या कडेने नव्याने फुटते. तो आणि दोन नळ्यांचा इपॉक्सी, दोन्ही सहसा खरवडून काढावे लागतात. इपॉक्सी जागेवरच थोडा गरम केला तर मऊ पडतो, अर्थात सेल्युलॉइडपासून लांब.

साफ झालेली चीर कशी ओळखायची? भिंगातून पाहिल्यावर भोपळ्याची कड सगळीकडे एकसारखी कोरडी, लाकडी दिसली पाहिजे. कुठेही चकाकी दिसली तर तिथे गोंद आहे. ओलं काम झाल्यावर भोपळा सावलीत किमान दोन दिवस वाळू द्या.

चीर सांधणं

तारा, तबली, आणि गुळू हलत असेल तर दांडीसुद्धा, सगळं बाजूला. भोपळा एकटा. क्रम लक्षात ठेवा: आधी भोपळा, मग गुळू, शेवटी तबली.

चिरेच्या दोन्ही बाजू बोटांनी हलकेच दाबा. कडा सहज मिळाल्या तर सरस पुरेसा. जोर लावावा लागत असेल तर जबरदस्तीने मिटवू नका. अशी मिटवलेली चीर स्प्रिंगसारखी ताणलेली राहते आणि तिथे नाही तर शेजारी फुटते. एक मिलिमीटरहून रुंद फटीत जुन्या फुटक्या भोपळ्याच्या सालीची चीप तासून बसवा. लाकडाची चीप नको, ती ऋतूनुसार वेगळ्या मापाने फुगते. भुसा आणि गोंद यांचा लगदा तर मुळीच नको. तो दाबात टिकतो, ओढीत सुटतो.

सरस वजनाने एक भाग आणि थंड पाणी दोन भाग, चार-पाच तास भिजवून गरम पाण्यातल्या भांड्यात ठेवा. तापमान 60 अंश सेल्सियसच्या आसपास. उकळू दिला तर त्याची ताकद जाते. पळीवरून पातळ काकवीसारखी सलग धार पडली पाहिजे. हवेतली आर्द्रता 60 टक्क्यांच्या वर असताना हे काम टाळा. पावसाळ्यात भोपळा फुगलेला असतो, चीर आपोआप मिटलेली दिसते, आणि तेव्हा केलेला सांधा मार्च-एप्रिलमध्ये ओढला जातो. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस चांगले.

भोपळ्याच्या आतला गाभा पिठूळ असतो, पहिला हात पिऊन टाकतो. म्हणून आधी दुप्पट पातळ केलेल्या सरसाचा एक हात देऊन वाळवा, मग खरा सरस भरा. एका वेळी वीतभर लांबीच घ्या, कारण सरस मिनिटभरात आळायला लागतो. दाबायला सायकलच्या ट्यूबच्या दोन बोटं रुंद पट्ट्या भोपळ्याभोवती गुंडाळा. गोलावर लोखंडी क्लॅम्प सरकतो आणि एकाच जागी दाब देतो. बाहेर आलेला सरस गरम ओल्या फडक्याने लगेच पुसा. 24 तास हात लावायचा नाही.

आतून आधार द्यायचा तो चिरेला आडवा. सुती मलमलीच्या 40 मिमी रुंद पट्ट्या सरसात भिजवून, प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीवर 15 मिमी चढेल अशा लावा. चिरेच्या लांबीने एकच लांब पट्टी लावली तर ती चिरेसोबत उघडते. मलमलीवर दर 50-60 मिमीला भोपळ्याच्या सालीचा 20 बाय 20 मिमीचा तुकडा, कडा कागदासारख्या पातळ होईपर्यंत घासलेला. कड जाड सोडली तर तुकडा आणि मोकळी साल यांच्या सीमेवरच नवी चीर पडते. शेजारी समांतर चिरा निघतात त्या बहुधा आधीच्या कुणीतरी आत लावलेल्या जाड ठोकळ्यामुळे.

लंगोटाची चीर असेल तर आतून तुनच्या लाकडाचा सुमारे 60 बाय 40 मिमीचा, 12 मिमी जाडीचा ठोकळा भोपळ्याच्या वळणाबरहुकूम कोरून बसवा. त्यालाही कडा उतरत्या. लंगोटाचे स्क्रू आता या ठोकळ्यात धरले पाहिजेत. जुनी भोकं बांबूच्या काडीने भरून नवी पाडा.

सगळं वाळल्यावर आतून पातळ चपड्याचा (लिटरभर स्पिरिटला 100 ग्रॅम) एक हात द्या. उघडा गाभा पावसाळ्यात ओल पितो आणि उन्हाळ्यात आकसतो, तो खेळ याने बराच मंदावतो.

गुळू आणि तबली

गुळूचा सांधा अर्धवट सुटला असेल तर तो पूर्ण सोडवा. फटीत सुईने गोंद सोडण्याचा उपाय सहा महिने टिकतो. दोन्ही पृष्ठभाग कोरडे एकमेकांवर ठेवून पाहा. हलत असतील तर तुनची पातळ पापुद्र्यासारखी चीप लावून आधी कोरडाच सांधा घट्ट बसवा. फट गोंदाने भरायची नाही.

चिकटवण्याआधी कोन तपासा. अटीपासून घोडीपर्यंत दोरा ताणा आणि दांडीच्या मध्यावर तो किती उंच राहतो ते सुरुवातीला लिहिलेल्या मापाशी ताडून पाहा. ताण चढल्यावर दांडी एक-दीड मिमी पुढे येणार, तेवढी ती आत्ता मागे ठेवा. सांध्याला 6 मिमी जाडीच्या बांबूच्या दोन खिळ्या, किंचित तिरप्या, सरस लावून. लोखंडी स्क्रू नको: गंजतो, लाकूड काळं पाडतो आणि त्याच रेषेत गुळू फाडतो. रबरी पट्ट्यांनी आवळून तीन दिवस.

तबली घोडीखाली खचली असेल तर आत जाड पट्टी ठोकून ती वर उचलू नका. आवाज बसतो. आतल्या बाजूला किंचित ओलं फडकं आणि त्यावर कोमट वाळूची पिशवी, खाली मूळ गोलाईचा साचा, असं चार-पाच दिवस ठेवल्यावर बरीच तबली परत येते. मग तिची कड साफ करून सरसाने बसवायची आणि भोपळ्याच्या तोंडाभोवती कुठेही टिचकी पोकळ येत नाही याची खात्री करायची.

पॉलिश चपड्याचंच, लिटरला 150 ते 200 ग्रॅम, मलमलीतून गाळलेलं. मेलामाइन किंवा पॉलियुरेथेन मारलं तर पुढची दुरुस्ती करणाऱ्याला सगळंच खरवडावं लागेल.

ताण चढवणं

एका दिवसात पूर्ण स्वरात लावलेला तंबोरा ही चीर परत येण्याची सगळ्यात सोपी वाट. पहिल्या दिवशी पाच अर्धस्वर खाली लावा, ताण पूर्ण ताणाच्या 56 टक्क्यांच्या आसपास राहतो. मग दोन दिवसांआड अर्धा स्वर वर. प्रत्येक वेळी दांडीच्या मध्यावरचं अंतर लिहा. आधी ते किंचित वाढेल आणि स्थिरावेल. एखाद्या टप्प्यावर स्थिरावतच नसेल तर पुढे चढू नका, सांधा उघडून पाहा. चीर पुन्हा दिसेपर्यंत थांबलात तर वर्षभराचं काम वाया जातं.

काळी एकचं वाद्य वयस्कर असेल तर त्याला पांढरी एकवर ठेवणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. अर्ध्या स्वराने ताण 11 टक्के उतरतो आणि खर्ज खुलतो. वरच्या पट्टीतच गायचं असेल तर तारा एक नंबर बारीक घ्या.

जवारी महिनाभराने, दांडी स्थिरावल्यावर. तोवर जीवाचा दोरा (तार आणि घोडी यांच्यामध्ये घातलेला सुती दोरा) मागेपुढे करून काम चालवा. खुंट्या सरकत असतील तर खडू आणि साबण पुरतो, हातोडीने ठोकू नका.

रियाज नसेल त्या काळात तारा पूर्ण स्वराने उतरवून ठेवल्या तर ताण पाचव्या हिश्शाने कमी होतो. आडवा ठेवताना भोपळा उघड्या फरशीवर टेकवू नका. सुती कापडाची जाड चुंबळ करून तिच्यात बसवा, भार एका बिंदूवर न येता कडीभर पसरतो. भिंतीला टांगून ठेवला तर गुळू पुन्हा ढिला होऊ शकतो.

भोपळा बदलावाच लागतो तेव्हा

तोंडाच्या कडेने नख दाबा. साल आत जाऊन पीठ सुटत असेल आणि अशी जागा कडेच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त असेल तर सांधण्यात अर्थ नाही, सरस धरायला तिथे काही उरलेलं नसतं. दांडी, गुळू, तबली, घोडी, खुंट्या जुन्याच ठेवून फक्त भोपळा बदलता येतो. नव्याचा घेर आणि तोंडाचा व्यास जुन्या तबलीला जुळला पाहिजे. तबली कापून भोपळ्याला जुळवायची नाही. मिरजेचे कारागीर पंढरपूर-मंगळवेढा पट्ट्यात पिकलेले भोपळे वापरतात, त्यांच्याकडे जुन्या तबलीचा पुठ्ठ्यावर काढलेला आराखडा घेऊन जा. आणि जुन्या भोपळ्याची चांगली राहिलेली साल फेकू नका. पुढच्या चिपा त्यातूनच निघतात.